ओसरीवरची घार

१४ डिसेंबर
लाईट सकाळी गेली ती दुपारी आली. इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागला तेव्हा घरातले बाकी सगळे बंद केले. फ्रिज, स्वयंपाकघरातला बल्ब, देवघरातला छोटा दिवासुद्धा. समोरच्या खोलीतला टीव्ही आणि ह्यांचा जुना कॉम्प्युटर तेवढे चालू ठेवले. आत्याबाई माळ ओढत म्हणाल्या, "मह्या देवाला अंधार अन् त्या घारीला उजेड."
दूध नासले. घार शाबूत.

१७ डिसेंबर
स्वातीचा नाशिकहून फोन. सातवा संपत आला. डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितले आहे, म्हणजे बाळंतपणाला ती अंबडला येत नाही. हसत म्हणाली, पहिले बाळंतपण माहेरी असते, तर आता माहेरानेच इकडे यावे. सासू नाही तिला. दुसरे कोण येणार.
बघते म्हणाले. म्हाताऱ्या सासूला, आत्याबाईंना एकटे कसे टाकू, हेही म्हणाले. शेवटचे म्हणायला नको होते. आत्याबाई एकट्या भाकरी करून खातात, अजून.

१८ डिसेंबर
स्वातीला तोंडाने सांगता येत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. कधी तरी वाचेल.
समोरच्या खोलीत ह्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्याच्याही आधीचा हा कॉम्प्युटर. नुसता कीबोर्डचा डबा, टीव्हीला जोडायचा. कॅसेट लावली की किंचाळत राहायची आणि पाच-सात मिनिटांनी खेळ यायचा. आयर्न काइट. विमान उडत जाते, समोरून येणाऱ्यांवर गोळ्या झाडते. विमानाचे पंख पसरलेले, म्हणून घरात त्याला घार म्हणायचे. पोरे टायपिंग शिकायला येत आणि घार बघायला थांबत.
त्या खेळात मधेच थांबवायची सोय नव्हती. थांबलात की मेलात, वीज गेली की सगळे पुसले. पण तिसऱ्या टप्प्यात एक मोडका मनोरा आहे. त्याच्या मागे घार नेमकी टेकवली तर तिथे एकही गोळी पोचत नाही. चित्र पुढे सरकत नाही, वैरी येतात, घिरट्या घालतात, मनोऱ्यावर गोळ्या मारून जातात, पुन्हा येतात. कितीही वेळ. ही जागा ह्यांनी स्वतः शोधली. तिला ओसरी म्हणायचे. चहाला हाक मारली की, "आलो, घार ओसरीवर बसवतो."
हे वारले त्या दिवशीही तशीच बसवली. दूध घेऊन येतो म्हणाले आणि गेले. कोपऱ्यावरच्या डेअरीशी कोसळले. आणले ते ह्याच खोलीत. टीव्ही चालू, आवाज चालू. कोणीतरी बटनाकडे हात नेला तेव्हा आत्याबाई मोठ्याने म्हणाल्या, "या खोलीतला उजेड विझवू नका." त्या उशाशी लावलेल्या दिव्याबद्दल बोलत होत्या. त्या क्षणी कोणाची छाती होती विचारायची. आवाज बारीक केला, चित्र तसेच.
गेलेला जीव कोणत्या रूपात गेला ते कळावे म्हणून दिव्याजवळ पीठ पसरून पाटी पालथी घातली होती. दहाव्याला उचलली तर पिठात पक्ष्याचा पाय. तीन बोटे स्पष्ट. पाटी एका बाजूने उचललेली होती, चिमणी शिरली असेल. आत्याबाईंनी टीव्हीकडे बघितले आणि म्हणाल्या, घारच झाला गं माझा बाळू.
तेराव्याला दिवा उचलला. टीव्हीचे कोणी काही बोलले नाही. विझवू नका म्हणून सांगणारे माणूस होते. आता विझवा म्हणून सांगणारे कोणी नाही. वर्षश्राद्ध झाले, तरी नाही.

२३ डिसेंबर
वडीगोद्रीला बहिणीच्या मुलाचे लग्न. अक्षता पडल्या आणि निघाले. बहीण मांडवाच्या दारात आडवी आली. जेवल्याशिवाय जाऊ देत नव्हती. म्हटले आत्याबाईंचा उपास आहे, वाट बघत असतील. बहीण म्हणाली, "उपास त्यांचा अन् उपाशी तू. घरात काय पुरून ठेवलंय का?"
बसमध्ये बसले तोवर मांडवातल्या बुंदीचा वास साडीला होता. घरी आले तर लाईट गेलीच नव्हती. आत्याबाई शेजारणीशी सरकी निवडत गप्पा मारत होत्या. टीव्हीसमोर जाऊन उभी राहिले. घार मनोऱ्यामागे. वैरी उजवीकडून आले, डावीकडे गेले.
पिशवीतली शिळी पोळी खाल्ली.

३ जानेवारी
आज वाटले संपले.
आत्याबाई समोरची खोली झाडत होत्या. मी मागे कपडे वाळत घालत होते. हाक आली, "मंदा, आकाश निळं झालं बघ."
धावले. टीव्हीचा पडदा नुसता निळा. घिरट्या नाहीत, गोळ्या नाहीत. खाली बसले ती बसलेच. आत्याबाई म्हणत होत्या, मी हात न्हाई लावला, झाडू लागला फक्त. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कुठे काय लागले ते दिसत नाही.
समोरच्या टीव्हीवाल्या रफिकभाईंना बोलावले. ह्यांचा दोस्त. आल्या आल्या वाकले आणि मागची तार दाबली. घार परत आली. कॉम्प्युटर चालूच होता, तारच सैल झाली होती. चित्र टीव्हीपर्यंत पोचत नव्हते इतकेच.
मग त्यांनी मुद्दाम तार पुन्हा ओढली. मी ओरडले. ते म्हणाले, "भाभी, डरो मत. इधर देखो. हे बघा निळ्यामध्ये."
निळ्या पडद्यात घार होती. फिकट, राखाडी, काचेवर हात पुसल्यासारखी. मनोरा पण. फिरणारे कोणी नाही, फक्त ते दोघे.
"एका जागी वर्षभर उभं राह्यलं तर काचेत बसतं ते. आता बंद करा, बेचून टाका, ये जानेवाला नहीं."
त्यांना वाटले मला बरे वाटेल. तार दाबून चहा पिऊन गेले. जाताना म्हणाले, टीव्ही तरी रात्रीचा बंद ठेवत जा, आत कॉम्प्युटर चालूच राहतो. खरे आहे. संध्याकाळी बंद करून बघितला. काळी काच. आत काय चालले आहे ते कळेना. भाजी फोडणीला टाकेपर्यंत दम धरला, मग लावला.

११ जानेवारी
जावई आले. निखिल. स्वातीसाठी तीळ, गूळ आणि बाजरीचे पीठ न्यायला आलो म्हणाले. नाशकात बाजरी मिळत नाही असे तर नाही.
येताना टॅब्लेट आणला, माझ्यासाठी. त्यात आयर्न काइट नव्याने आला आहे. पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही एकत्र, नवे रंग, नवे संगीत. निखिल खेळात मुरलेले. लग्न ठरवायला आले तेव्हा ह्यांनी पगार विचारण्याआधी तिसऱ्या टप्प्याचे विचारले होते.
जेवताना तेच बोलणे. दुसरा भाग फ्लॉपीवर आला होता. ह्यांनी हैदराबादहून मागवला. त्यात घारीला जोडीदार दिला होता, मागे मागे उडणारा. हे म्हणायचे, लग्न लावून दिलं, आता काय मजा. तिसऱ्यात घारीला पाय फुटले, जमिनीवर चालायची. ती सीडी ह्यांनी एक दिवस लावली आणि पुढे कोथिंबिरीच्या वाफ्यावर पाखरे हाकायला टांगली. नंतर पहिल्यालाच रंगवून परत विकायला आणले, दोनदा की तीनदा. दर वेळी हे घ्यायचे आणि दर वेळी म्हणायचे, शिंगं रंगवली म्हणून बैल तरणा होत नाही.
निखिल हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.
मग त्यांनी बेत सांगितला. टॅब्लेटवर खेळत तिसऱ्या टप्प्यापर्यंत जायचे, ह्यांच्याइतकेच गुण करायचे, घार त्याच मनोऱ्यामागे बसवायची आणि तिथे खेळ साठवून ठेवायचा. नव्यात साठवता येते. वीज जावो, काही होवो. "मग आई, बाबा तुमच्या पर्समध्ये. कुठेही न्या."
चांगल्या मनाने म्हणाले. मान हलवली.
दुपारभर खेळले. मनोऱ्यामागे घार नेली की फुटायची. पुन्हा नेली, पुन्हा फुटली. आत्याबाई बाजूला बसून प्रत्येक वेळी "गेली" म्हणायच्या. शेवटी निखिलने माहितीचे पान उघडले. इंग्रजी. मी हातात घेतले. शाळा सातवीपर्यंत, पण ह्यांची कॉम्प्युटरची मासिके वर्षानुवर्षे डिक्शनरी घेऊन वाचली आहेत. लिहिले होते, मूळ खेळातले दोष काढून टाकले. तिसऱ्या टप्प्यात विमान अडकून पडत असे, ते दुरुस्त केले.
निखिल हळूच म्हणाले, "ती चूक होती, आई. बनवणाऱ्यांची. तिथं जागा असायलाच नको होती."
म्हटले, "तेवढीच तर जागा होती."
जाताना चपला घालताना त्यांनी सांगितले की स्वाती रोज रडते, मला सांगू नका म्हणते. मग वाकून नमस्कार केला.

१५ जानेवारी
काल भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. आज संक्रांत. हळदीकुंकवाच्या हाका गल्लीत. आमच्या दोघींच्या दारावरून पुढे गेल्या.
दुपारी टॅब्लेट उघडला. खेळायला येत नाही. पहिल्याच टप्प्यात घार फुटली. कोपऱ्यात उलटा बाण दिसला, तो दाबला. तुकडे मागे आले, जुळले, घार झाली, गोळी तिच्यापासून लांब गेली, ज्याने झाडली त्याच्या पोटात परत गेली. मी बोट काढले नाही. घार मागे मागे, सुरुवातीच्या धावपट्टीपर्यंत. तिथून मागे जायला काही नाही.
टॅब्लेट कपाटात. शालीखाली.

२ फेब्रुवारी
स्वातीचा फोन. आवाज आधीपासून चढलेला. तारीख जवळ आली, तिकिटाचे काय. मी आत्याबाईंचे गुडघे सांगितले, मोतीबिंदू सांगितला, थंडी सांगितली.
ती म्हणाली, "आई, तू बाबांच्या टीव्हीसाठी येत नाहीस ना?"
तिने फोन ठेवला.
मागे वळले तर दारात आत्याबाई. सगळे ऐकले. काठी टेकत आत आल्या, खाटेवर बसल्या, दम घेतला.
"मह्यावर कामून ढकलून राह्यली? मी का पाळण्यात हाय? पोरीला सांग ना, सासू चांगली धड हाय, मीच अडकले म्हणून."
म्हटले, तुम्हीच म्हणाला होता विझवू नका.
"म्हनले होते. तवा म्हनले होते."
मी वाट बघितली पुढचे बोलतील. आता विझव म्हणतील. एवढे म्हणाल्या असत्या तर मी उठून बटन दाबले असते, असे मला वाटले. त्या टीव्हीकडे बघत होत्या. त्यांना काय दिसत असेल कोण जाणे, उजेड दिसत असेल. पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, चहा टाक.
मुलगा त्यांचा. त्यांनी कसे म्हणावे.

८ फेब्रुवारी
स्वातीला फोन केला, उचलला नाही. मेसेज टाकला, जेवलीस का. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.
बॅटरीत पाणी भरले. वाचनालयात पुस्तक बदलायचे आहे, गेले नाही. मोंढ्याकडे डीपीचे काम चालू आहे, लाईट केव्हाही जाते. पुस्तक तेच दुसऱ्यांदा वाचते आहे. ह्या वेळी त्यातली बाई घराबाहेर पडते तिथे वाचवेना.

१९ फेब्रुवारी
सकाळी निखिलचा फोन. स्वातीचे बीपी वाढले, दवाखान्यात ठेवले आहे, डॉक्टर बहुतेक कळांची वाट बघणार नाहीत. या म्हणाले नाहीत. तिने तसे सांगू नका म्हटले असणार.
पोळ्या लाटत होते. तवा उतरवला. पिशवी काढली, साड्या भरल्या, डिंकाचे लाडू भरले, ते पंधरा दिवसांपूर्वीच करून ठेवले होते. म्हणजे मला जायचे होते. मग पिशवी भरून खाटेवर बसून राहिले. टीव्हीत वैरी येत होते, जात होते.
आत्याबाई म्हणाल्या, "उठ. जालन्याची बस लागली असंल."
म्हटले, लाईट गेली तर.
"मी बसते ना इथं. उजेड राखायला बाई लागती, ती मी हाय."
रफिकभाईंना इन्व्हर्टर दाखवून आले. त्यांची बायको दोन वेळचा डबा देते म्हणाली. आत्याबाईंनी लगेच विचारून घेतले, "सादा ना?" ती हसली, "बिलकुल सादा, अम्मा."
निघताना घारीला काय म्हणायचे ते सुचले नाही. आवाज थोडा मोठा केला. गोळ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

२० फेब्रुवारी, नाशिक
स्वाती तोंड फिरवून पडली होती. पायाशी बसले, तळवे चोळले. सूज फार. तोंड न वळवता तिने विचारले, "टीव्हीपाशी कोण आहे?"
"आजी."
"आजीला काय दिसतं?"
"काही नाही."
हसली. मग रडली. मग लाडू मागितला, नर्सने दिला नाही.

२१ फेब्रुवारी
मुलगी. दोघी ठीक. नाकाला नाक ह्यांचे. मुठी घट्ट. डोळे उघडले नाहीत अजून.
आत्याबाईंना फोन केला. पणती झाली म्हटल्यावर आधी पोरीचे वजन विचारले, मग स्वातीचे, मग म्हणाल्या, "घार बसली हाय, काळजी न्हाई."
मी विचारले नव्हते.

२४ फेब्रुवारी
घरी आणले. बाळंतिणीची खोली, शेपा, ओवा, धुरी. निखिल भांडी घासतात. दिवसभरात घारीची आठवण दुपारी आली, तीही लाईट क्षणभर गेली म्हणून. हात आपोआप इन्व्हर्टरकडे जायला निघाला. इथे तो कुठे आहे तेही मला माहीत नाही.
मग अपराध्यासारखे वाटले. बाळाला मांडीवर घेतले.

२७ फेब्रुवारी
बहिणीचा फोन. बोलता बोलता म्हणाली, अंबडला डीपी जळाली, कालपासून निम्म्या गावाला लाईट नव्हती, आज दुपारी आली. तिचा मुलगा बाजारात गेल्ता, त्याने सांगितले.
काल ते आज. इन्व्हर्टर दुपारभर पुरतो.
फोन ठेवला. बाळाचे लंगोट घडी घातले. परत घडी मोडून घातले.
मग आत्याबाईंना लावला. लाईट गेल्ती का विचारले. म्हणाल्या, "येती जाती. रफिकनं कुठूनशी गाडीची ब्याटरी आणून लावली होती."
किती वेळ?
"लावली होती."
घार?
"बसली हाय ना. मनोऱ्यामागं. हलली न्हाई."
अन् ते फिरणारे?
खाट करकरली, काठी वाजली. पडद्याजवळ जाऊन बघत असाव्यात, तोंड काचेला लावून.
"फिरणारं कोणी न्हाई. निळं हाय सगळं. शांत हाय."
तार सैल झाली असेल. झाडू लागला असेल. त्या रोज झाडतात. तसे असेल तर आत सगळे चालू आहे. नसेल तर नाही. रफिकभाईंना एक फोन केला तर ते वाकून तार दाबून सांगतील. नंबर काढला. मग फोन उपडा ठेवला.

२८ फेब्रुवारी
सकाळी बाळाला न्हाऊ घालून पाळण्यात टाकले तेवढ्यात फोन वाजला. आत्याबाई. स्वतःहून कधी लावत नाहीत, रफिकभाईंच्या बायकोने लावून दिला असणार.
पोरगी दूध पिते का, बाळंतीण कशी आहे, डिंक संपला का, सगळे विचारून झाले. तरी ठेवेनात. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे गोळ्यांचा आवाज आहे का म्हणून मी कान दिला. त्यांच्या गल्लीत कोणी भंगार मागत चालला होता, तेवढेच.
"मंदा."
मी म्हणाले, काय.
"मी म्हनले होते विझवू नका. मी म्हनले म्हणून तू..." मग म्हणाल्या, "आता बंद करू का? घार तर काचेत हाय, रफिक म्हणला होता. पण तू सांग. तू सांगितल्याबिगर मी बटनाला हात लावत न्हाई."
पाळण्यात बाळाने डोळे उघडले होते. छताकडे बघत होती, पंखा फिरत होता त्याकडे.
स्वाती दारात उभी होती. तिने ऐकले की नाही माहीत नाही. तिने खुणेने विचारले, कोण.
मी फोन कानाला धरून आहे. आत्याबाई तिकडे थांबल्या आहेत. ठेवू का म्हणत नाहीत.